साखळीचा शेवटचा हात

या, बसा. दिवा जरा तुमच्या बाजूला सरकवते. वरच्या खोलीची किल्ली देतेच, पण आधी चहा घ्या. ऐन हंगामात किनारा असा ओस का पडलाय, असं विचारलंत ना मघाशी? सांगते. कुणाजवळ तरी बोलल्याशिवाय आज मलाही झोप लागायची नाही.

मी किनाऱ्यावर छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने देते, आणि हंगामात ही वरची खोली. उन्हाळा आला की आमच्या गावाला मान वर करायला फुरसत नसते. शहरातून गाड्यांवर गाड्या येतात, पाववाल्याची भट्टी दिवसभर विझत नाही, होडीवाले काका पाहुण्यांना फिरवून आणतात, आणि मी ओल्या खुर्च्यांवरून लोकांशी भांडत असते. बहीण दर सुट्टीत तिच्या पोरीला माझ्याकडे पाठवते. भिंगरी म्हणतो आम्ही तिला. एका जागी ठरेल तर शपथ! तोंडाची टकळी अखंड चालू, आणि जरा गप्प बसली की नखं खात बसते. माझा जीव आहे तिच्यावर, उगाच कशाला लपवू.

आज दुपारी ओहोटी होती. पाणी लांब गेलं की ओली वाळू उघडी पडते आणि सगळी पोरं शिंपले वेचायला पळतात. भिंगरीही गेली. ऊन कडक होतं. मी छत्र्या पुसत होते, आणि बघता बघता हातातल्या फडक्यावरचं ऊन गेलं. वर पाहिलं तर समोर समुद्रच नव्हता. धुकं आलं होतं. उन्हाळ्यात येतं इथे असं कधीकधी, भर दुपारी. पांढरं, जाड, कुजक्या शेवाळाच्या वासाचं. पोरं धडपडत बाहेर आली, आयांनी आपापली ओळखून कवटाळली. भिंगरी आली नाही.

अशा धुक्यात सगळ्यांनी मिळून हाका मारल्या तर घातच होतो. आवाज कुठून येतोय ते कळत नाही. माणूस त्याच्या मागे जातं ते थेट खोल पाण्याकडे. त्यात भरती सुरू व्हायची वेळ झालेली. पण गावाला हे नवीन नाही. होडीवाले काका दोनच शब्द बोलले, ‘साखळी करा,’ आणि सगळे धावत आले. मास्तर, औषधवाला, पाववाला, पाहुण्यांमधले धडधाकट पुरुष, बायका. आम्ही साखळी केली.

साखळी म्हणजे हातात हात धरून ओळीने पाण्यात शिरायचं. अलीकडचं टोक काकांच्या हातात, ते कोरड्या वाळूवर खांबाला धरून उभे राहतात. कुणी बोलायचं नाही. शेवटच्याने हात दोनदा दाबला की तो दाब हातोहात काकांपर्यंत येतो. म्हणजे माणूस मिळालं, वळा. हाक मारायची ती फक्त शेवटच्याने, आणि शेवटचा माणूस हरवलेल्याच्या घरचाच असतो, त्याचा आवाज ओळखीचा म्हणून. तर आज शेवटची मी होते.

माझ्या अलीकडे पाववाला होता. ‘ताई, या पोटावरून रोज छळता ना? आज हेच तुम्हाला वाहून जाऊ देणार नाही,’ असं म्हणाला तो. मला धीर द्यायला म्हणाला बिचारा. त्याचा हात गरम होता, पिठाने खरखरीत. तो उजव्या हातात घट्ट धरून मी पुढे निघाले.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. पाववाला दिसेनासा झाला, फक्त त्याचा हात उरला. डावा हात मी पुढे धरून चाचपडत होते, तर माझा पंजाच मला दिसेना. मी हाक मारायची, थांबायची, कान द्यायची. ‘भिंगरे... अगं भिंगरे...’ काही नाही. नुसतं पाणी कमरेवर हलकेच आपटायचं. बहिणीला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आणि माझ्या डाव्या हातात एक लहानसा हात आला.

जिवात जीव येणं काय असतं ते मला त्या क्षणी कळलं. मी रडायलाच लागले. ‘कुठे होतीस गं... केवढं घाबरवलंस...’ उत्तर नाही. बोबडी वळली असेल पोरीची, असं म्हणत मी पाववाल्याचा हात दोनदा दाबला. दाब पुढे गेला आणि सगळी साखळी किनाऱ्याकडे वळली.

मी तिच्याशी बोलत राहिले. घरी गेल्यावर गरम पाणी काढते, आईला काही सांगायचं नाही, असं काहीबाही. तिचा हात बर्फासारखा गार होता, म्हणून मी तो अंगठ्याने चोळायला लागले, जरा ऊब यावी म्हणून. चोळता चोळता तिची बोटं हाताला लागली. भिंगरीची नखं खाऊन खाऊन पार आत गेलेली आहेत. या बोटांना नखं होती. लांब होती. माझ्या तळव्यात रुतत होती. मग लक्षात आलं की माझ्या पावलांनी पाणी खळबळतंय, पाववाल्याच्या पावलांनी खळबळतंय, आणि डावीकडे पाणी वाजतच नाहीये.

तेवढ्यात मागून, खूप मागून, रडवेली हाक आली. ‘मावशी...’

मी जागीच थांबले. पाववाला कुजबुजला, ‘ताई, थांबलात का? मिळाली ना?’

‘नाही.’

‘मग दोनदा दाबलंत कशाला... तुमच्या त्या हातात कोण आहे?’

मी बोटं सैल सोडली. तो हात सुटला नाही. ओरडावं, झटकावं, असं खूप वाटत होतं, पण झटकलं तर ते भिंगरीकडे वळेल, या भीतीने झटकवेना. शेवटी मी अगदी हळू म्हटलं, ‘बाळ... तू कुणाची आहेस मला माहीत नाही. पण माझी पोर तिकडे आहे. मला जाऊ दे.’ पाणी वाढत होतं. मग एकेक बोट सुटलं.

साखळी पुन्हा वळली. हाक धरून मी अक्षरशः ओढत नेलं सगळ्यांना. भिंगरी वाळूच्या उंचवट्यावर उभी होती, छातीएवढ्या पाण्यात. एका जागी. एक हात बाजूला, धुक्यात लांब केलेला. मी तिचा दंड पकडून तिला जवळ ओढलं.

‘मावशी, तू मघाशीच आली होतीस ना?’ ती दातावर दात आपटत म्हणाली. ‘हात धरून उभी होतीस... बोलत का नव्हतीस?’

‘मी आत्ता आले गं राणी.’

‘मग हा हात...’

‘चल. मागे बघू नकोस.’

तिच्या पुढ्यात एका पावलावर खोल चर होता, काकांनी नंतर सांगितलं. तिला तिथे धरून ठेवलं ते बुडू नये म्हणून, की पाणी डोक्यावर चढेपर्यंत ती हलू नये म्हणून, हे मला कळत नाही. विचार करकरून डोकं फुटायची वेळ आलीय.

बाहेर आलो तरी धुकं होतंच. सगळे कोरड्या वाळूवर येईपर्यंत कुणी हात सोडायचा नसतो. काका ओळीने चालत येतात, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवतात आणि ‘आहे’ म्हणतात. तसे ते आले. पाववाल्याच्या डोक्यावर हात ठेवला, ‘आहे.’ माझ्या डोक्यावर, ‘आहे.’ भिंगरीच्या डोक्यावर, ‘आहे.’ मग ते एक पाऊल आणखी पुढे गेले, जरासे वाकले, आणि तितक्याच शांतपणे म्हणाले, ‘आहे. सोडा आता हात.’

मी काकांना काही विचारलं नाही. पाववाल्याने ऐकलं होतं, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने जाऊन भट्टी विझवली आणि दार लावून घेतलं. बाकीच्यांनीही आपापली दारं लावून घेतली. म्हणून किनारा ओस आहे.

भिंगरी बरी आहे. जेवली, आईशी फोनवर बोलली. तुम्ही दार वाजवायच्या आधी मी तिला पांघरूण घालायला आत गेले होते. एवढी ऐसपैस गादी, आणि ही अगदी भिंतीला चिकटून पडलेली, डोळे टक्क उघडे. म्हटलं, ‘अगं, नीट मधे सरकून झोप की.’

तिने ओठांवर बोट ठेवलं.

‘हळू बोल मावशी... आत्ता कुठे झोपलीय ती.’