भावाचा मितान

पाईपाला दार नसतं. मग वाजवायचं कुठे?

सत्यभामेनं क्षणभर विचार केला, पदर कमरेला खोचला आणि छत्रीच्या दांड्यानं पाईपाच्या कडेवरच ठकठक केलं. "कोनी हाय का आत?"

"हाय ना!" आतून खणखणीत आवाज आला. "पण चपला बाहेर काढा बाई. आत्ताच झाडून घेतलं मी."

तिला हसू फुटलं. आणि हसू फुटल्याचा रागही आला, कारण ती काही हसायला आलेली नव्हती. श्रावणाची झड लागली होती, लुगड्याचा काठ चिखलानं भरला होता आणि सकाळपासून जिथं जाईल तिथं नन्नाचा पाढा ऐकून तिचा जीव कावला होता. तिनं वाकून पाहिलं. आत लोखंडी पेटीवर एक तरणाबांड गडी बसला होता. आरशाचा फुटका तुकडा पाईपाला टेकवून तो मोठ्या थाटात भांग पाडत होता. त्यानं मान वळवली... आणि कंगवा तसाच केसांत राहिला.

"हा बंगला तुमचा?" सत्यभामेनं विचारलं.

"खुद का! भाडं नाई, कटकट नाई. मी देवाजी, उमरेडचा. इथं रिगर आहो. मोठमोठे लोखंडी खांब दोरानं बांधून वर चढवतो. अन् तुमी?"

"सत्यभामा. तिकडं टेकाडावर नव्या खोल्या दिसतात ना, तो आसरा हाय. ज्याले घर नाई त्याच्यासाठी. मी तिथली बाई."

"म्हणजे मालकीण?"

"मालकीण कुठची! झाडण्यापासून भांडण्यापर्यंत सगळं करणारी."

"मंग मालकीणच की!" देवाजी म्हणाला, आणि असा काही हसला की सत्यभामेला छत्री उघडायची आठवणच राहिली नाही. ती भिजत उभी.

आता भिलाईची तेव्हाची गोष्ट काय सांगावी! लोखंडाचा कारखाना उभा राहत होता. गावोगावची माणसं कामाला येऊन पडत होती. काम मिळायचं, मजुरी मिळायची, पण रात्री पाठ टेकायला जागा मिळेल तर शपथ. कुणी झाडाखाली, कुणी दुर्गच्या फलाटावर, कुणी या सिमेंटच्या पाईपांत. दुर्गच्या बायकांच्या मंडळानं दारोदार फिरून पैसा उभा केला आणि टेकाडावर खोल्या बांधल्या. नळ होता, गुरुवारी नर्स यायची, लेकरांना दूध होतं आणि कामाच्या कचेरीत शब्द टाकायला सत्यभामा होती. सगळं होतं, फक्त माणसं नव्हती.

कारण एकच. माणसं फार आणि खोल्या कमी, म्हणून एका खोलीत दोन बिऱ्हाडं असा नियम होता. लोक यायचे, नळ सोडून पाहायचे, भिंतीवरून हात फिरवायचे आणि विचारायचे, "दुसरं बिऱ्हाड कोनाचं?" इथंच सगळं बिनसायचं. कोण, कुठला, काय खातो, काय पितो... अशा परक्याच्या छपराखाली तरणी सून ठेवून कामाच्या पाळीवर कसं जायचं? त्यापेक्षा आपलं झाड बरं.

मंडळाच्या अध्यक्ष अन्नपूर्णाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सत्यभामा, पोळ्यापर्यंत वाट पाहू. नाही भरल्या खोल्या, तर ठेकेदार सिमेंटची पोती ठेवायला मागतोच आहे."

सिमेंटची पोती! सत्यभामेचे वडील रेल्वेत होते. ते गेले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं, आणि आई, थोरला भाऊ पंजाबराव आणि ती, तिघं दुर्गच्या मालधक्क्यावर राहिले होते. आईनं धरलेल्या चादरीच्या आड लुगडं बदलताना काय वाटतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पुढं पंजाबरावांना सिग्नलच्या केबिनमध्ये नोकरी लागली आणि घर परत मिळालं. म्हणून तर ती या कामाला चिकटली होती. पोत्यांसाठी ती या खोल्या सोडणार नव्हती.

देवाजी दुसऱ्या दिवशी टेकाडावर हजर. गळका पत्रा नीट करून देतो म्हणाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी दाराची कडी. मग कडीला काही झालेलं नसतानाही कडी.

"काल तं ठीक केली ना?" सत्यभामा म्हणायची.

"हाव, पण पाहून घेतलेलं बरं. लोखंडाचं काही सांगता येत नाई." आणि कडीकडे न पाहता तिच्याकडेच पाहायचा, लबाड!

एकदा दोघं ओसरीवर पावसाच्या ओघळांकडे बघत उभी होती. तिच्या बांगडीवरचा थेंब घरंगळून त्याच्या मनगटावर पडला. त्यानं तो पुसला नाही. सत्यभामेनं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"मले द्या ना इथं जागा," तो हळूच म्हणाला.

"एकट्या पुरुषाले नाई मिळत. कुटुंब पाहिजे."

"मंग आणतो कुटुंब. तुमच्या पाहण्यात कोनी हाय का?"

"पाहून ठेवते. कशी पाहिजे?"

"झाडण्यापासून... भांडण्यापर्यंत सगळं करणारी."

बाई गं! सत्यभामा जी आत पळाली, ती दूध उतू जाईपर्यंत चुलीपुढं नुसती बसून होती. आवडला होता तिला तो. चांगलाच आवडला होता, लपवायचं कशाला? पण सांगायचं कसं?

आणि खोल्या? त्या तशाच रिकाम्या.

मार्ग सापडला तो मैनाबाईमुळे. रसमडा गावची ही म्हातारी लेकासुनेसोबत वडाखाली राहायची, आणि खोलीचं नाव काढलं की तोंड फिरवायची. एका सकाळी सत्यभामेनं पाहिलं, दुसऱ्या गावची, दुसऱ्या जातीची एक बाई समोरून आली. मैनाबाई तोंडभरून म्हणाली, "सीताराम भोजली!" आणि कडेवरचा नातू तिच्या हाती देऊन खुशाल कामावर निघून गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही!

सत्यभामेनं कपाळावर हात मारून घेतला. अगं, दुर्गात वाढलेली तू, नळ अन् नर्स करत बसलीस आणि हे कसं विसरलीस!

छत्तीसगडात मितान बदतात, म्हणजे मानलेलं नातं जोडतात. टोपलीत रुजवलेले गव्हाचे कोवळे अंकुर, म्हणजे भोजली, राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यात सोडतात. त्यातलेच थोडे राखून दोघं एकमेकांच्या कानावर खोवतात, नारळ बदलतात आणि जन्माचे मितान होतात. मग भेटले की नाव न घेता 'सीताराम भोजली' म्हणतात. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही. मितानाची आई ती आपली आई, मितानाची बहीण ती आपली बहीण. हे नातं रक्ताहून घट्ट, आणि ते तोडायची रीत नाही. मग खोलीतली दोन बिऱ्हाडं आधी मितान झाली, तर परकं राहिलं कोण?

मैनाबाईला मात्र ते पटेना. "बेटी, मितान का खोलीसाठी बदतात? तो मनाचा मामला हाय. सरकारी तमाशा नाई."

"तमाशा नाई करत मी, मैनादाई. तुमी या तं खरं. नाई पटलं तं उठून जा."

राखीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झड उघडली. तळ्यावरून बाया भोजली घेऊन आल्या आणि आसऱ्याचं अंगण भरून गेलं. वडाखालचे आले, फलाटावरचे आले, पाईपांतले आले. काही जणांनी गाठोडी सोबत आणली होती, पण ती खाली ठेवली नव्हती. मधे पिठाचा चौक, दोन पाट, नारळ. सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे. पहिलं कोण बसणार?

पंजाबराव खास सुट्टी काढून आले होते. बहिणीचा उतरलेला चेहरा त्यांना पाहवेना. ते सरळ जाऊन एका पाटावर बसले. "घ्या, मी बसलो. माझी बहीण इथं राबते, तं इथला एक मितान मले बी पाहिजे. कोन येते?"

लोकांत कुजबूज झाली. चांगली कुजबूज. माणसं पुढं सरकली.

आणि गर्दीतून भांग पाडलेला, धुतलेला सदरा घातलेला देवाजी ताडताड पुढं आला आणि दुसऱ्या पाटावर मांडी घालून बसला. "मी येतो!" वर सत्यभामेकडे बघून त्यानं डोळा मिचकावला.

सकाळीच तो तिला म्हणाला होता, "आज पाहा, तुमच्या भावालेच खिशात टाकतो." तिला तेव्हा अर्थ लागला नव्हता, आत्ता लागला. अरे देवा! या उमरेडच्या माणसाला वाटत होतं, मितान म्हणजे दोस्त. भावाशी दोस्ती जमली की पुढचं सगळं सोपं!

शेजारी उभ्या मैनाबाईनं तिच्या कानाशी तोंड नेलं. "बने होइस, बेटी. तोर भाई के मितान, तोर भाई." छान झालं, भावाचा मितान तो तुझाही भाऊच!

सत्यभामेनं देवाजीच्या मनगटाकडे पाहिलं. पुढच्या वर्षी या माणसाच्या हाताला राखी बांधायची?

तिच्या मनात काय काय आलं म्हणून सांगू! थांबवावं, तर पहिलीच जोडी मोडणार. लोक म्हणतील, पाहा, यांच्याच घरचं जमेना, आणि गाठोडी उचलून चालते होतील. मग आहेतच सिमेंटची पोती. होऊ द्यावं, तर... एक सोपी वाट होती. होऊ द्यायचं, आणि नंतर मानायचं नाही. आपण मराठी माणसं, आपल्यात कुठं ही रीत? कोणी नावं ठेवली नसती. पण मग आतल्या खोल्यांतली नातीही तशीच लुटूपुटूची ठरली असती. सून मागं ठेवून पाळीवर निघालेल्या सासूला ती कोणत्या तोंडानं सांगणार होती, की बिनघोर जा?

पंजाबरावांनी अंकुर उचलले. हात देवाजीच्या कानापर्यंत गेला.

"थांब, दादा!"

पंजाबरावांचा हात हवेतच राहिला. "कावून वं? काय झालं?"

"त्याच्या कानाले भोजली लावू नको."

"अवं, पण कावून?"

सत्यभामेनं मान ताठ केली. गाल तापले होते, पण आवाज हलला नाही. "तो तुझा मितान झाला, तं माझा भाऊ झाला. अन् मले तो... मले तो भाऊ नाई पाहिजे. मले त्याच्यासंग लगीन करायचं हाय."

कुणीतरी खुदकन हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. देवाजीचं तोंड उघडं ते उघडंच.

"मले... मले वाटलं, दोस्ती..."

"दोस्ती नव्हे, भावाचं नातं हाय हे! अजून थोडा वेळ बसले असते तं मी तुमाले ओवाळत होती."

देवाजीनं पाटावरून अशी उडी मारली, जणू खाली निखारे होते. मग मात्र हसण्याचा असा कल्लोळ उसळला की नारळ गडगडत गेला तरी कुणाचं लक्ष नव्हतं. सत्यभामा एकटीच हसत नव्हती. ती गाठोड्यांकडे बघत होती. आता ही माणसं जाणार.

मैनाबाई पुढं आली. तिनं सत्यभामेला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "ए टूरी मितान ला मितान मानथे!" ही पोरगी मितानाला मितान मानते. तमाशा असता तर होऊ दिला असता. एवढ्या माणसांपुढं स्वतःची लाज कशाला काढली असती?

म्हातारीनं पंजाबरावांना पाटावरून उठवलं, स्वतः बसली आणि गर्दीत बोट केलं, "तू ये." ते बोट होतं राधाबाईकडं, बालाघाटच्या विधवेकडं. तिच्यासोबत राहायला मैनाबाईनं कालच नकार दिला होता. राधाबाई पदर सावरून समोर बसली. दोघींनी एकमेकींच्या कानांवर भोजली खोवली. "सीताराम भोजली." "सीताराम भोजली." आणि मैनाबाईनं तिचा हात धरून तिला सरळ खोलीत नेलं. मागोमाग फलाटावरचा हिरालाल बसला, त्याच्यासमोर पाईपांतला गुलाब बसला, आणि मग पाट रिकामे राहिनात. गाठोडी उंबरे ओलांडू लागली. सत्यभामेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती.

पंजाबराव देवाजीपाशी गेले. मुठीत अंकुर तसेच होते. "हिनं तं सांगून टाकलं. तुझं काय म्हणणं हाय?"

"मी तं पहिल्या दिवसापासून हेच म्हणून राहिलो, दादा. फक्त चुकीच्या पाटावर बसलो."

"मितान परवडला असता रे मले," पंजाबराव सुस्कारा सोडून म्हणाले. "घरच्या जावयाले जन्मभर मान द्यावा लागते." पण त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते नारळ शोधायला गेले.

आत चुली पेटल्या होत्या. भाताचा वास अंगणात आला. सत्यभामा कामगारांसाठी परात भरत होती, आणि देवाजी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. या वेळी भांग विस्कटलेला होता, आणि त्याचं त्याला भान नव्हतं.

"त्या कोपऱ्यातल्या खोलीत अजून एका बिऱ्हाडाची जागा हाय म्हणे."

"हाय. पण ती बेघर माणसासाठी हाय."

तो थट्टा न करता, प्रथमच अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मंग मी कोन आहो, सत्यभामा? आई गेली तेव्हापासून कोनी वाट पाहत नाई माझी. मी बी तं बेघरच आहो ना?"

सत्यभामेनं भरलेली परात उचलली आणि त्याच्या हातांत दिली. दोघांची बोटं परातीखाली एकमेकांना लागली, आणि तिनं आपली काढून घेतली नाहीत.

"आतापासून नाई," ती म्हणाली.