शेजारी शेजारी ठेवलेले फोन

त्या दोघांची ओळख झाली ती केवळ तळघरात रेंज नव्हती म्हणून.

ती संग्रहालयाच्या तळघरात जुने नकाशे दुरुस्त करायची. हातात सदानकदा चिमटा, म्हणून सगळे तिला चिमटी म्हणत. जीभही जरा तशीच होती, पण ते तिच्या तोंडावर कोणी म्हणत नसे. तो वरच्या मजल्यावरचा नवा फोटोग्राफर. दुरुस्ती कुठवर आली याचे फोटो रोज फोनवर काढायचे आणि तिला द्यायचे, एवढं त्याचं खाली काम. पहिल्या दिवशी फोटो काढून झाल्यावर "पाठवतो हं" म्हणत तो फोन उंच धरून तळघरभर फिरला. शेवटी स्टुलावर चढला.

"उतरा खाली, पडाल," चिमटी म्हणाली. "इथे देवाचाही फोन लागत नाही. बघू, कोणता आहे तुमचा? ...अरे, माझ्यासारखाच की! मग या दोघांना शेजारी शेजारी ठेवा. आपोआप जातील. फक्त हलवायचं नाही."

दोन फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन स्टुलांवर दोघं शेजारी शेजारी बसले. चाळीस फोटो जायला पाच मिनिटं लागली.

पाच मिनिटांत माणूस बोलून बोलून किती बोलणार? पण रोज पाच-पाच मिनिटं करत महिनाभरात तिला कळलं, की त्याला पालीची भीती वाटते, त्याच्या वहिनीचं आणि त्याचं रिमोटवरून भांडण होतं, आणि हसू दाबताना तो कान चोळतो. त्याच्या बाह्या नेहमी अर्ध्याच दुमडलेल्या असत. एक कोपराच्या वर, एक खाली. ते बघून तिचे हात शिवशिवत... नीट करायला. नकाशाच्या कडा सरळ करायची सवय, दुसरं काय!

मग एके दिवशी तिने तो उद्योग केला. पस्तीस फोटो गेले होते, तो वहिनीची गोष्ट अर्ध्यावर सोडून उठायच्या बेतात होता, आणि चिमटीने कोपराने आपला फोन हळूच सरकवला. इतकासाच. पण फोटो जायचे थांबले.

"अरेच्चा, तुटलं," ती म्हणाली. चेहरा अगदी साळसूद.

"पुन्हा पहिल्यापासून," तो म्हणाला, आणि बसला. बाईंना चटकच लागली. आठवड्यातून एकदा, मग दोनदा, आणि पुढेपुढे तर रोजच.

म्हणूनच त्या दिवशी तो आल्या आल्या जे म्हणाला, ते ऐकून तिने हातातला चिमटाच खाली ठेवला.

"मी फोन बदलतोय. कंपनीच बदलतोय. माझ्या फोनपायी तुमचा रोज किती खोळंबा होतो! नवा फोन संग्रहालयाच्या नेटला जोडता येतो; मी वर गेलो की फोटो आपोआप तुमच्या कॉम्प्युटरवर येतील. मला इथे थांबायलाही नको."

"पण... तुम्हाला त्याची सवय नाही."

"होईल."

"कॅमेरा बरा नसतो त्यांचा."

"मी फोटोग्राफर आहे हो," तो कान चोळत म्हणाला. "बघितलाय मी. उत्तम आहे."

"फार जड असतात!"

"तुम्ही घेतलाय हातात?"

नव्हता घेतला. त्या संध्याकाळी तिने घरी बसून त्या कंपनीच्या फोनबद्दल मिळेल ते वाईट वाचून काढलं आणि कागदावर अकरा मुद्दे उतरवले. धाकटी बहीण मागे येऊन उभी राहिली.

"ताई, फोन तो घेणार. मग घाम तुला का फुटलाय?"

"सहकारी आहे माझा. फसू नये एवढंच."

"बरं," बहीण म्हणाली, "बारावा मुद्दा मी सांगू का?"

चिमटीने तिच्यावर उशी फेकली. पण झोपेपर्यंत तिला तो बारावा मुद्दाच छळत राहिला. हा माणूस उद्यापासून फोटो काढून वर निघून जाणार होता, आणि त्याला पिटाळून लावायचं काम तिने स्वतःच्या कोपराने केलं होतं. खरं सांगितलं तर लबाडी उघडी पडणार. नाही सांगितलं तर तो जाणार. जाण्यापेक्षा लबाडी परवडली, असं तिने सकाळी दात घासता घासता ठरवलं.

तो आला. फोन शेजारी शेजारी ठेवले. तिने अकरा मुद्द्यांचा कागद काढला, बघितला आणि परत खिशात कोंबला.

"तुमचा फोन चांगला आहे," ती नकाशाकडे बघत म्हणाली. "तुटायचं ते माझ्यामुळे. मी... सरकवायचे. मुद्दाम."

"मुद्दाम? कशाला?"

"तू उठू नयेस म्हणून!" ती इतक्या जोरात म्हणाली, की तिची तीच दचकली. "म्हणजे तुम्ही. आवडता तुम्ही मला. झालं, सांगितलं. आता हवं तर हसा."

तो हसला नाही. कानही चोळला नाही. त्याने तिचा फोन उचलला, अर्धे फोटो जायचे होते तरी उचलला, आणि कालचे फोटो उघडून तिच्यासमोर धरला.

"हे नीट बघितलेत कधी?"

नकाशाचा उजवा कोपरा. पुढचा फोटो, उजवा कोपरा. त्याच्या पुढचाही तोच, जरा तिरका. एकच कोपरा एकतीस वेळा.

"कामाला दहा पुरतात," तो म्हणाला. आता त्याची मान खाली गेली होती. "पण दहा फोटो एका मिनिटात जातात. पहिल्या दिवसापासून चाळीस काढतोय. परवा संग्रहालयाच्या मोठ्या बाईंनी विचारलं, या कोपऱ्यात खजिना आहे का?"

चिमटीला आधी खुदकन हसू आलं आणि मग उगाचच डोळ्यांत पाणी. तिने हात पुढे केला आणि त्याची खालची बाही वर दुमडून दुसरीच्या बरोबरीला आणली. तो हलला नाही.

"दुकानदाराला आज येतो म्हणून सांगितलंय," तो म्हणाला. "मग नको ना घ्यायला नवा फोन?"

"घे की. बॅटरी बघ तुझी, दुपारपर्यंत टिकत नाही."

"आणि मग इथे... हे असं बसणं?"

"त्याला आता फोन कशाला लागतोय?" ती म्हणाली, आणि तिने आपलं स्टूल आणखी जवळ ओढलं.