फ्रिजमधली किल्ली

"आवाज माझाच आहे, पण ते उत्तर मी दिलेलं नाही!" खुर्चीत टेकायच्या आतच नर्सबाई म्हणाल्या.

भाऊजींच्या डोक्यावरून गेलं. वहिनींच्या गुप्तहेरीत ते चार वर्षं मदतनीस होते आणि चारही वर्षं सगळं त्यांच्या डोक्यावरूनच जात होतं.

हकीकत अशी. नर्सबाईंची भाची घरच्या घरी पॉडकास्ट करायची. तिने मावशीला मुलाखतीला बोलावलं आणि मध्येच विचारलं, "आई तुझ्याच वॉर्डात गेली. चूक कुणाची होती?" लोकांनी ऐकलं ते उत्तर असं: "चूक माझीच होती. लक्षच नव्हतं माझं."

"मी गप्प बसले होते हो. तोंडातून शब्द फुटेना." नर्सबाईंनी पर्समधून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं. "आणि आता नर्सिंग कॉलेज म्हणतंय, उद्यापासून शिकवायला येऊ नका."

"मुलाखतीआधी काही बोललात?" वहिनींनी विचारलं.

"आवाज तपासायला काहीबाही बोलायला लावतात. घरी दूध उतू गेलं होतं, तेच सांगत बसले. मग भाचीने फ्रिज बंद केला, गाडीची किल्ली फ्रिजात ठेवली आणि मुलाखत सुरू झाली."

"किल्ली फ्रिजात?" भाऊजी चक्रावले.

"फ्रिजची घरघर माइकमध्ये येते ना," तासाभराने भाचीने तिच्या घरी स्वतःच सांगितलं. कपड्यांच्या कपाटापुढे रजया टांगून तिने रेकॉर्डिंगचा कोपरा केला होता. "किल्ली आत असली, की फ्रिज सुरू करायचं विसरून बाहेर पडता येत नाही."

"रेकॉर्डिंगची कापाकापी कोण करतं?" वहिनींनी विचारलं.

"हे करतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी नुसती फाइल नेटवर चढवते."

नवरा शेजारच्या खोलीत होता. "मी खोकला काढतो, अं-अं काढतो. श्वास मात्र कधीच कापत नाही. श्वास गेला की माणूस मशीनसारखा वाटतो." त्या उत्तराचं विचारताच तो मान खाली घालून वायर गुंडाळू लागला. भाऊजींनी मनातल्या मनात त्याला बेड्या घातल्या.

वहिनींनी हेडफोन भाऊजींच्या कानाला लावले. "काय ऐकू येतं?"

"डास गुणगुणतोय. तेवढ्या उत्तरापुरताच! आणि बाई एकदम बोलायलाच लागतात, दमसुद्धा न घेता." भाऊजी आणखीच गोंधळले.

वहिनींनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं.

"भाऊजी, तो डास म्हणजे फ्रिज. मुलाखतीत फ्रिज बंद होता, म्हणजे ती वाक्यं आवाज तपासतानाची आहेत. चूक होती ती दुधाकडे लक्ष नसल्याची."

"म्हणजे ह्यानेच..." भाऊजी उठलेच.

"बसा. हा श्वास कापत नाही. इथे श्वास कापलाय. हात शिकाऊ आहे. फाइल याच्यानंतर एकीच्याच हातात गेली. ह्याला ते कळलं, पण बायकोला उघडं पाडवेना."

 भाचीचा बांध फुटला. "अकरा सेकंद गप्प होती मावशी! रोज ऐकायचे मी ते अकरा सेकंद. आईचं काय झालं, ते मला कधीच कुणी सांगितलं नाही."

"मूळ फाइल माझ्याकडे आहे," नवरा हळूच म्हणाला. "कॉलेजला आत्ताच पाठवतो."

नर्सबाई रागाने उठल्या. आता ह्या निघून जाणार, असं भाऊजींना वाटलं. पण त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि फ्रिजची घरघर थांबली.

"किल्ली आण, आत ठेव," त्या भाचीला म्हणाल्या. "आणि बस माझ्यासमोर. आता विचार."