यंत्रात दिसलेले दोघे

आंद्रीची बायको सेराइना आली ती बुटांवरचं बर्फ न झटकता. आमच्या गावात असं कोणी करत नाही, म्हणून गावातले गुंते सोडवणारी मेंगिया लगेच उठली आणि तिला शेगडीपाशी बसवलं. मेंगियाचा चुलतभाऊ आणि बिनपगारी मदतनीस गिओन अक्रोडाचा केक कापत होता. त्यानेही सुरी खाली ठेवली.

"आंद्रीची कुदळ देवळाच्या भिंतीवर लागायला हवी. मला दुसरं काही नको," सेराइना म्हणाली.

डोंगरात जीव गेलेल्या गाईडची बर्फकुदळ त्याच्याबरोबर एकाच दोराला बांधून चढणारा जोडीदार तिथे टांगतो. पण स्वतःच्या हलगर्जीपणाने गेला असेल, तर नाही. आणि गावाने आंद्रीचा निकाल लावून टाकला होता. मेलेल्याचा निकाल लावायला कुणाचं काय जातं!

सहलीत रोज सकाळी डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीच्या दारात गाईड बर्फात गाडलेल्याला शोधायचं आपलं यंत्र 'शोध'वर करतो आणि स्कीवरचा एकेक जण त्याच्यासमोरून जातो. प्रत्येकाच्या छातीवरचं यंत्र हाक देतंय ना, ते तो बघतो. मग स्वतःचं परत 'हाक'वर आणतो. आंद्री म्हणे तेच विसरला. दुपारी उतारावर बर्फ सुटलं, तो गाडला गेला आणि त्याच्या यंत्राने हाक दिलीच नाही.

"असं म्हणतं कोण?" मेंगियाने विचारलं.

"कुर्दिन." सेराइनाचा आवाज मऊ झाला. कुर्दिन म्हणजे आंद्रीचा लहानपणापासूनचा जोडीदार, त्या सहलीतला दुसरा गाईड. आता रोज येऊन तिला सरपण फोडून देत होता. आंद्री दमला होता, त्याला बोल लावू नका, असं तोच गावाला समजावत होता. जाता जाता ती म्हणाली, की निघायच्या आधी आंद्री अस्वस्थ होता. मनावर ओझं आहे, परत आलो की गाईड संघटनेत जाऊन उतरवतो, म्हणाला होता.

"मागच्या हिवाळ्यात कुर्दिनच्या गटातली एक बाई जायबंदी झाली होती ना?" ती गेल्यावर गिओन म्हणाला. "तेव्हा आंद्रीच्याच साक्षीवर कुर्दिन सुटला. इतका जीव होता दोघांचा."

मेंगियाने कोट चढवला.

सहलीतली ओडील, एक निवृत्त दातांची डॉक्टर, अजून गावातच होती. बोलताना ती सारखी माफी मागत होती. गिओनने तिथल्या तिथे ठरवलं, की हिनेच उतारावर घाई केली आणि बर्फ सोडलं. मेंगियाने मात्र सकाळचं विचारलं. सगळे आंद्रीसमोरून गेले, मग रिवाजाप्रमाणे कुर्दिनने आंद्रीचं यंत्र तपासलं आणि 'ठीक' म्हणाला, असं ओडील म्हणाली.

"आणि बर्फ सुटल्यावर?"

सहलीतले बाकीचे दोघे फोनला रेंज मिळावी म्हणून वर, पार खिंडीत गेले. खाली उरले ती आणि कुर्दिन. तिने यंत्र 'शोध'वर केलं, तर त्यात दोन माणसं दिसायला लागली. एक तिच्या पायाखाली, दुसरं सारखं जागा बदलणारं. गाडलेला तर एकच. कुर्दिन म्हणाला, तुझं यंत्र बिघडलंय, बंद कर आणि बाजूला उभी राहा.

"मी बंद केलं," ओडील रडायला लागली. "खूप वेळाने बर्फात खुपसायची त्याची सळई आंद्रीला लागली ती मी उभी होते तिथेच. आंद्रीच्या छातीवरचं यंत्र त्यानेच काढून दाखवलं. ते 'शोध'वर होतं."

दुसऱ्या दिवशी सेराइनाच्या स्वयंपाकघरात मेंगिया आणि गिओन बसले असताना कुर्दिन सरपणाचा भारा घेऊन आला.

"बस," मेंगिया म्हणाली. "'शोध'वर असलेलं यंत्र हाक देत नाही, हे तुला मी सांगायला नको. ओडीलच्या यंत्रात एकही माणूस दिसायला नको होता, आंद्री विसरला असता तर. दिसले दोन. खिंडीतले दोघे तर यंत्राच्या टप्प्याबाहेर होते. मग पायाखालचा आंद्री. आणि हिंडणारा कोण?"

गिओनचं तोंड उघडंच राहिलं. "हा? म्हणजे याने स्वतःचं यंत्र 'शोध'वर केलंच नाही?"

"शोधायचंच नव्हतं याला. नुसता इकडून तिकडे फिरत राहिला. आंद्रीचा श्वास संपला असेल, तेव्हा सळई बरोबर जागेवर घातली आणि त्याचं यंत्र फिरवून ठेवलं. घाबरून स्वतःचं बटण दाबायचं राहिलं असतं, तर मेलेल्याचं बटण कशाला फिरवलं असतं? सकाळी तूच 'ठीक' म्हणालास, कुर्दिन. मनावरचं ओझं आंद्रीने तुला वाटेतच सांगितलं ना? मागच्या हिवाळ्यातली साक्ष खोटी होती, ती मागे घेणार म्हणून?"

कुर्दिनने भारा खाली ठेवला. "बर्फ मी सोडलं नाही," तो म्हणाला.

"नाही. ते आपणहून सुटलं. तू फक्त त्याला शोधलं नाहीस."

इतका वेळ सेराइना भिंतीला टेकून ऐकत होती. या माणसाला तिने रोज कॉफी करून दिली होती, नवऱ्याच्या खुर्चीत बसवलं होतं. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडलीही होती.

"किती खोल होता तो?" तिने विचारलं.

कुर्दिन भारा उचलायला वाकला. तिने पुन्हा विचारलं.

"हातभर."

तिने शेगडीचं दार उघडून बघितलं. आत त्यानेच फोडलेली लाकडं जळत होती. तिने दार लावलं आणि खुंटीवरची आंद्रीची कुदळ काढून घेतली.

"ही जोडीदाराने टांगायची असते," ती म्हणाली. "जोडीदार मीच होते त्याची. चल मेंगिया, देऊळ उघडं असेल."