काळ्या फियाटचा रॉड

परमेश्वर मिस्त्री माजलगावचा, माझ्या उठण्याबसण्यातला. उगं वाढवून सांगणारा माणूस न्हाई, म्हणून सांगतो.

गेल्या साली कार्तिकातल्या अवसेला, दिवेलागणीला, तो अर्जुनरावांच्या मळ्यावर गेलता. नातवाच्या वरातीला त्यांना आपली जुनी काळी फियाट पाहिजे होती. बाकी सगळं काम झालतं, स्टेरिंग तेवढं जोडायचं राह्यलं होतं.

त्या स्टेरिंगचं तुमाला ठाऊक न्हाई. अर्जुनराव तरणे असताना, ऐन इलेक्शनात, ही गाडी लिंबावर आदळली. स्टेरिंगचा रॉड ड्रायव्हरच्या, राधाकिशनच्या, छातीत घुसला. शेजारी बसलेले अर्जुनराव वाचले. "ड्रायव्हर पेलेला होता," म्हणले. झालं! त्याची बायको साखराबाई मरेस्तोवर दारुड्याची बायको म्हणूनच ऊस तोडत राह्यली.

"मालक, हा रॉड बदलू," परमेश्वर म्हणला.

"कावून? लेथवर सरळ केलाय ना? बसव तोच."

परमेश्वरानं रॉड नळीत सरकवला, खाली स्टेरिंगच्या बॉक्सला जोडला, वर चाक बसवून नट आवळला. हात काढला, तसं चाक गर्रकन डावीकडं फिरलं. त्यानं सरळ केलं. पुन्हा डावीकडं. गाडी तर विटांवर उभी, पुढची टायरं काढलेली.

"सर बाजूला. तुला जमंना," म्हणत अर्जुनराव स्वतः चाकामागं बसले.

दार लागलं. त्यांनी ओढलं न्हवतं.

"परमेश्वर... माझ्या मागं कोण हाय?"

मागं सीटच बसवली न्हवती.

"मालक, उतरा!"

"ढकलू नको बे... राध्या..."

छाती चाकाला टेकली. परमेश्वरानं दार ओढलं. निघंना. दुसरं ओढलं. निघंना.

"सांगतो... धर्मराज सायकलवर चाललाता. माझ्या विरोधातला. त्याला उडवायला चाक मीच ओढलं... तू पेलेला न्हवता..."



मग तेच पुन्हा. मोठ्यानं. मग ओरडून. जणू कुणी वदवून घेतंय. उसाच्या फडातल्या कोप्यांपर्यंत, तोडकऱ्यांच्या झोपड्यांपर्यंत, आवाज गेला. तोडकरी बाया-माणसं बॅटऱ्या घेऊन पळत आली. गाडीभोवती उभी राह्यली. सगळ्यांनी ऐकलं. साखराबाईच्या कोयत्याला कोयता लावून ऊस तोडलेल्या म्हाताऱ्यांनीबी ऐकलं.

परमेश्वराला वाटलं, आता सोडील.

सोडलं न्हाई.

छातीत कट्ट... एकदाच.

अन् चारी दारं आपोआप उघडली.

दवाखान्यात अर्जुनरावांच्या मढ्यावरचा सदरा काढला. बाहेरून पांढराफेक, कुठं डाग न्हाई. थोरल्या लेकानं घडी घालायला म्हणून उलटा केला...

पाठीवर ग्रीसचे दोन पंजे. आतल्या अंगानं.