फुंकर आरपार गेली पाहिजे

पहिल्याच भेटीत त्याने माझ्या दुकानातल्या कापडाला तोंड लावलं.

आमच्या सुवा शहरातल्या पावसाची नेहमीची भुरभुर चालू होती. ओल्या केसांचा एक उंच माणूस आत आला, निळ्या साटीनचं टोक त्याने ओठांपाशी धरलं आणि डोळे मिटून हळूच फुंकर मारली. मान हलवली. मग पिवळं कापड, मग फुलाफुलांचं...

"सूप आहे का ते, गार करायला?" मी शिलाई मशीन थांबवून विचारलं.

"फुंकर आरपार गेली, तर आवाजही जातो," तो म्हणाला. "भिंतीवर लावायच्या चौकटी करतोय. आत जाड गादी, वर कापड. कापडानेच आवाज परत फेकला तर गादी काय पिणार?"

"आणि उष्टी केलेली कापडं कोण घेणार?"

"तुम्ही द्याल ती घेतो... फक्त साटीन नको."

आणि तो हसला. खोटं कशाला बोलू, त्यानंतर मी ओवलेली सुई पुन्हा ओवत बसले होते. शेवटी साधं, विरळ विणीचं सुती कापड त्याच्या फुंकरीला उतरलं आणि तो वारभर घेऊन गेला.

त्याचं नाव इसिकेली. नांदी शहरातल्या हॉटेलात पाहुण्यांपुढे गिटार वाजवून कंटाळला होता आणि आमच्या दुकानामागची तोरिका आत्याची रिकामी खोली त्याला भाड्याने हवी होती, तालमींसाठी आणि रेकॉर्डिंगसाठी. माझी आत्या म्हणजे आमच्या सामाबुला वस्तीतलं सगळ्यात खणखणीत गळ्याचं आणि सगळ्यात कडक स्वभावाचं माणूस. तिची अट सरळ होती. "आधी खोली तयार कर. माझी मंडळी तिथे गातील. कानाला गोड लागलं तर खोली तुझी, नाहीतर मासेवाला टपलेलाच आहे, बर्फाच्या पेट्या ठेवायला." आणि मग इसिकेलीला परत नांदीचं हॉटेल. मला त्याचं काय, असं मी स्वतःला रोज बजावत होते.

रोज तो वारभर कापड नेई आणि रोज मी "बघू तरी काय चाललंय" म्हणून मागे जाई. टाळ्या वाजवत तो भिंतीकडेने फिरे आणि आवाज कुठे खडखडतोय ते डोळे मिटून सांगे. जाड स्वर कोपऱ्यात जाऊन साचतात, म्हणून कोपऱ्यांत त्याने सगळ्यात जाड गाद्या ठासल्या. दाराच्या फटींना रबर लावलं. मग मला निरनिराळ्या जागी उभं करी.

"इथे उभ्या राहून बोला."

"काय बोलू?"

"काहीही."

"तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय."

"हं... आता खिडकीपाशी."

"बटण अजून तुटलेलंच आहे."

"खिडकीपाशी तुम्ही जरा कमी रागावलेल्या वाटता," तो गंभीरपणे म्हणाला.

आमच्या घरी सगळे एकाच वेळी बोलतात. कुणी आपलं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकावं, हे मला नवं होतं. त्याच्या त्या ऐकण्याच्या मी प्रेमात पडले. हात सुंदर होते, ते नंतर दिसलं.

परीक्षेच्या दिवशी आत्या आणि तिची मंडळी आली. चपला बाहेर निघाल्या, चटया अंथरल्या गेल्या, मधोमध यंगोनाचं, म्हणजे मुळं कुटून केलेल्या पेयाचं, लाकडी पात्र आलं आणि सगळे त्याभोवती मांडी घालून बसले. इसिकेलीने मध्ये माइक टांगला आणि रेकॉर्डरचा डबा चालू केला. गाणं सुरू झालं... आणि शब्द एकमेकांत अडखळायला लागले.

"आपण पाण्याच्या टाकीत बसून गातोय का?" आत्या थांबून म्हणाली.

इसिकेलीचा चेहरा उतरला. तो खाली बसला, एक टाळी वाजवली आणि त्याने कपाळाला हात लावला. चौकटी सगळ्या उभ्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर होत्या. खाली भिंत उघडी.

"हॉटेलात उभं राहून गाऊन गाऊन..." तो म्हणाला, "आपली माणसं बसून गातात, हेच विसरलो."

"आम्ही ओसरीवर जातो," आत्या म्हणाली. "हे पात्र संपलं की पुन्हा गाणार. मग एकतर तुला किल्ली, नाहीतर मासेवाल्याला फोन."

मी चौकट धरायची, त्याने स्क्रू पिळायचे. एकेक चौकट खाली येत गेली. बाहेर हशा, आत आमच्या धापा.

"खोली गेली तर... नांदी?" मी हळूच विचारलं.

त्याचा हात थांबला. "नाही. तरी इथेच कुठेतरी राहीन."

"का?"

"सगळं कापड एकदम नेता आलं असतं, निसी. मी रोज वारभर का नेत होतो?" पहिल्यांदाच त्याने मला घरच्या नावाने हाक मारली. "मला तू आवडतेस. फार."

मी चौकट घट्ट धरून उभी... आणि दार उघडलं. यंगोना संपली होती.

या वेळी ते गायले तेव्हा प्रत्येक गळा वेगळा कळत होता आणि तरी सगळे एकात एक मिसळले होते. आत्याचा खालचा स्वर तर भुईतून आल्यासारखा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"डब्यात काय भरलंस ते ऐकव," आत्या म्हणाली.

इसिकेलीने लावलं. आधी फसलेलं गाणं वाजलं. मग स्क्रूंची करकर – घाबरगुंडीत तो रेकॉर्डिंग बंद करायलाच विसरला होता. तो झेपावला, पण आत्याने हात वर केला. 'मला तू आवडतेस. फार.' आणि पुढे नुसता माझा श्वास.

इसिकेलीचे कान लालबुंद झाले होते.

"खोली पास," आत्या म्हणाली. "श्वाससुद्धा ऐकू येतो." मग माझ्याकडे वळली. "उत्तर तेवढं ऐकू आलं नाही."

"तू मध्येच आलीस, आत्या."

"आता गप्प बसलोय ना आम्ही."

सगळी म्हातारी मंडळी खरंच गप्प बसली. इसिकेली चटईकडे बघत होता.

"मलाही," मी म्हणाले. आवाज जेमतेम फुटला, पण त्या खोलीत तो सगळ्यांपर्यंत पोचला.

"पुन्हा म्हण," इसिकेली म्हणाला.

"ऐकू आलंय तुला."

"आलंय," तो म्हणाला. "तरी."

मग मी पुन्हा म्हणाले.