टिंबानं सुरू होणारी फाइल

हर्षालीनं फोल्डर उघडलं. परवा भरलेलं होतं, आता आत काहीच नव्हतं.

सास्तूरच्या नागूबाईंच्या, हर्षालीनं घेतलेल्या सगळ्या मुलाखती त्यात होत्या. त्र्याण्णवच्या भूकंपात ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या नागूबाई गेल्याच महिन्यात वारल्या. आता पुन्हा विचारायचं कुणाला?

लोहाऱ्यातल्या त्यांच्या छोट्या फिल्म स्टुडिओत तिघं काम करायची. हर्षालीकडं विंडोज, रणधीरकडं लिनक्स, सृष्टीकडं मॅक. फाइली हर्षालीच्या कॉम्प्युटरवर असायच्या. बाकीची दोघं नेटवर्कवरून उघडायची.

"रणधीरदादांच्या लिनक्सनंच खाल्ल्या असतील," सृष्टी म्हणाली. हर्षालीची शाळेपासूनची मैत्रीण, एका डब्यात जेवलेली.

रणधीर खवळला. "म्या काल तेरखेड्यात शूटिंगला हुतो. इचारा कुणालाबी!"

"तुमचं मशीन तर चालूच होतं की," सृष्टी म्हणाली.

हर्षालीनं रिसायकल बिन पाहिलं. जुना कचरा होता, मुलाखती नव्हत्या. मग तिनं फोल्डरमधल्या लपलेल्या फाइली उघड केल्या. एकच चिमुकली फाइल उमटली. नाव टिंबानं सुरू होणारं, तारीख कालची.

"सृष्टी, हे फोल्डर तू शेवटचं कधी उघडलंस?"

"दिवाळीआधी. माझा मॅक तुझ्या विंडोजला जोडलाच जात न्हाय आता."

"काल?"

"न्हाय म्हणलं ना!"

"तुझ्या मॅकला दुसरं कुणी हात लावतं?"

"पासवर्ड हाय त्याला. कुणाची हिंमत हाय?"

हर्षालीनं स्क्रीन सृष्टीकडं वळवली.

"माझ्या कॉम्प्युटरवरून पुसलं असतं, तर बिनमध्ये सापडलं असतं. नेटवर्कवरून पुसलेलं तिथं येत नाही. म्हणजे एक तर लिनक्स, नाहीतर मॅक. आणि ही फाइल बघ. मॅकवरून फोल्डर उघडलं की मॅक ती आपणहून ठेवून जातो. लिनक्स ठेवत नाही. नाव टिंबानं सुरू होतं, त्यामुळं तुझ्या स्क्रीनवर ती दिसतच नाही, म्हणून राहून गेली. का केलंस, सृष्टी?"

सृष्टी खाली बघत म्हणाली, "पुण्याच्या महोत्सवाला नागूबाईंची फिल्म पाठवली. माझ्या एकटीच्या नावानं. मूळ फाइली राहिल्या असत्या, तर मुलाखती तुझ्या हायत हे तू सिद्ध केलं असतंस."

"मुलाखती आहेत तुझ्याकडं?"

"हायत."

"सगळ्या परत दे. महोत्सवाला मी आजच कळवते. आणि स्टुडिओची किल्ली ठेवून जा."

सृष्टी फाइली देऊन गेल्यावर हर्षालीनं त्यांतली तिची फिल्म लावली. हर्षालीचे सगळे प्रश्न कापलेले होते.

"व्हय पोरी, लई अंधार हुता बघ," नागूबाई पडद्याबाहेर कुणाकडं तरी बघत सांगत होत्या. ती पोरगी कोण, ते फिल्ममध्ये कुठंच नव्हतं.